थोडंसं म्हणजे किती?

माझी सुरमई आज जिवंत आहे आणि तिची दोन करडं अंगणभर उड्या मारतात, ती दिगंबरमामांमुळे. हे आधी लिहून टाकते, कारण पुढं मी त्यांच्यावर बरंच हसणार आहे आणि हसण्याच्या नादात मुख्य गोष्ट राहून जायला नको. सुरमई ही शेळी आहे, हेही इथंच सांगते. माझं माहेर रायगड जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. आई मासळी विकते. अशा घरातली मुलगी लग्न होऊन हिंगोली जिल्ह्यात आली आणि तिच्या हातात तीन शेळ्यांची दावी दिली, तर ती नावं कसली ठेवणार? सुरमई, कोलंबी आणि मांदेली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, एवढी आठवण येत असेल तर सुकट पाठवते. गरीब बकऱ्यांना कशाला बाटवतेस!"

शेळ्या तिनंच दिलेल्या. तिच्या कानातल्या कुड्या गेल्या त्यात. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो, वर्षातून दोन-तीनदा घरी येतो. तेव्हा परक्या मुलखात लेकीच्या पायाखाली काहीतरी आपलं असावं, असं तिला वाटलं. त्यामुळे शेळी शिंकली तरी मी हातातलं काम टाकून धावते.

तर दिगंबरमामा. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात त्यांची आणि आमची भिंत एकच. एकटे राहतात. वय सत्तरीच्या आसपास. हे मी त्यांच्यासमोर म्हटलं असतं तर त्यांनी तिथंच हात वर केला असता. "आसपास म्हंजे किती?"

मामांना अंदाज सहन होत नाही. 'थोडंसं', 'जरासं', 'उगं एवढंसं' हे शब्द ऐकले की त्यांच्या चेहऱ्यावर, चपलेत खडा गेल्यासारखी कळ उमटते. आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसांचं या शब्दांवाचून पान तरी हलतं का? एसटीचा कंडक्टर म्हणाला, "बसा बाबा, आलंच वारंगा फाटा," की मामा विचारणार, "आलंच म्हंजे किती किलोमीटर?" लग्नात आचारी म्हणाला, चवीपुरतं मीठ टाकलंय, तर "चव कुणाची? तुमची का वऱ्हाडाची?" एकदा कुणाच्या मयतीला गेले. तिथला म्हातारा रडत सांगत होता, थोडे दिवस आजारी होती बिचारी. मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेनं विचारलं, "थोडे म्हंजे किती?" तेव्हापासून त्यांना मयतीला मागच्या रांगेत बसवतात.

फक्त माझ्या सासूबाई त्यांना पुरून उरतात.

"दिगंबरभाऊ, बसा जरा."

"जरा म्हंजे किती?"

"उठस्तोवर!"

मामांचा उभा जन्म हळदीच्या बाजारात मापाडी म्हणून गेला. पोत्यांची वजनं करायची आणि खड्या आवाजात सांगायची. गावातले म्हणतात, तीस वर्षं काट्यासमोर उभं राहून त्यांच्या डोक्यातच काटा बसला. मीही तेच मानत होते. निवृत्त होताना त्यांनी एक जुना लोखंडी काटा विकत घेतला, खाली फळी आणि वर सरकत्या वजनाची दांडी असलेला. तो त्यांच्या घरात खाटेशेजारी असतो, रोज पुसलेला. दांडीच्या एका टोकाला रंगीत दोऱ्यांचा गुंता बांधलेला आहे, काही विटलेले, काही अजून चकचकीत. मला वाटायचं, नजर लागू नये म्हणून असेल. माणसं ट्रकला लिंबू-मिरची बांधतात, तसं.

दुसरी एक गंमत. दर राखीपौर्णिमेला मामा धुतलेलं धोतर नेसून वारंगा फाट्याला जातात, तिथं चहा पितात आणि परत येतात. एवढंच. सासूबाई म्हणतात, "गावात चहा मिळत न्हाई त्याहिला. फाट्यावरचाच गोड लागतो."

मी नवी आले तेव्हा त्यांनी भिंतीवरून विचारलं होतं, "माहेर किती लांब हाय पोरी?"

"लय लांब, मामा." इकडचा शब्द मी नुकताच शिकले होते.

"लय म्हंजे किती?"

मला सांगता येईना. मला रडायला यायला लागलं. सासूबाईंनी मामांना आत पिटाळलं. दोन दिवसांनी ते परत भिंतीपाशी उभे. हिंगोलीच्या डेपोत जाऊन विचारून आले होते. "चार गाड्या आन् एकोणीस तास. सांजच्याला सहाला निघालीस की दुसऱ्या दिशी एकला आईपाशी जेवायला. हे काही लय न्हाई."

त्या दिवसापासून मला खरंच कमी लांब वाटायला लागलं. लांब आहेच, पण त्याला शेवट आहे हे कळलं.

आता औषधाची गोष्ट. घरोघर महालक्ष्म्या बसायच्या तयारीत होत्या. पावसाचं गवत खाऊन कोलंबीला ढाळ लागली होती आणि सुरमईच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली होती. अंगावरचे केस उभे, खाण्यावर मन नाही. सासूबाई म्हणाल्या, "जंत हायेत. कुरुंद्याहून पांढरं औषध आण आन् तिघींला एकेक झाकण पाज. समदे तेच पाजतात. थोडंसं जास्त झालं तरी काही होत न्हाई."

मी बाटली घेऊन परत आले, तर मामा दारातच.

"काय आणलंस?"

"जंताचं औषध, मामा."

"किती देणार?"

"एकेक झाकण."

त्यांनी बाटली घेतली, झाकण काढून उन्हात धरलं. "ह्या बाटलीचं झाकण, का तुझी सासू म्हणती त्या बाटलीचं? झाकणं काय समदी एका मापाची असतेत?"

आतून सासूबाई ओरडल्या, "पाजू द्या की हो! उगं काहून घाबरवून राहिले लेकराला?"

"सुरमईचं वजन किती?" मामांचं लक्ष माझ्याकडंच.

"असेल तीस-पस्तीस."

"असंल न्हाई. किती हाय?" मग बाटलीकडं बघून, "आन् गाभण हाय ना ती? किती दिवसांची?"

मला लाज वाटली. "असेल महिना, सव्वा महिना."

"महिना का सव्वा महिना? ह्यात फरक हाय पोरी. मोठा फरक हाय." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. नेहमी ते विचारतात तेव्हा डोळे बारीक करतात आणि जिंकल्यासारखे दिसतात. आता तसं काही नव्हतं.

मी आठवायला लागले आणि आठवलं. तो दिवस मी विसरणंच शक्य नव्हतं. नारळी पौर्णिमा होती. इकडं कुणी ती करत नाही, इकडं समुद्रच नाही. मी कुणाला न सांगता नारळीभात केला आणि ताट ओट्यावर निवत ठेवलं. तेवढ्यात गल्लीतला बोकड दावं तोडून सुरमईच्या मागं आमच्या अंगणात घुसला. पुढची दहा मिनिटं त्या दोघांनी जो धुमाकूळ घातला त्यात ताट पालथं झालं. सुरमई लागली आणि माझा सण सांडला, दोन्ही एकाच वेळी. मी मातीतला भात गोळा करत रडत बसले होते.

"कोणती पुनव म्हन्लीस?" मामांनी विचारलं. "काय असतं ते?"

"समुद्राला नारळ देतात, मामा."

सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "राखीचा दिवस व्हता तो."

माझ्या ओळखीत पहिल्यांदाच मामांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. बोटांवर मोजलं आणि हळूच म्हणाले, "बावीस दिवस." मग औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद काढून माझ्या हातात दिला. "वाच."

हिंदीत, मुंगीएवढ्या अक्षरात. "मामा, मला नाही जमणार. माझी शाळा आठवीतच सुटली."

"माझी चवथीत सुटली. तू माझ्या दुप्पट शिकलेली हायेस. वाच."

मी बोट ठेवून वाचायला लागले. वजनाप्रमाणे मात्रा अमुक. जनावर आजारी असेल तर तमुक. मग, गर्भावस्था के पहले महीने में... मी अडखळले, आणि वर बघितलं तर मामांचे ओठ आधीच हलत होते. कागद माझ्या हातात होता, चष्मा त्यांच्या खिशात होता, आणि 'न दें' हे दोन शब्द त्यांनी माझ्या आधी उच्चारले.

"दिलं असतं तर?" मी विचारलं.

"करडं पोटातच जातेत. न्हाई तर वाकड्या पायाची येतेत." त्यांनी बाटलीचं झाकण गच्च आवळलं. "उद्या दवाखान्यात जाऊ. तिघींच्या लेंड्या घे. ताज्या. अलग अलग डब्यात. नावं लिही."

मी नावं लिहिली. इथंच घोळ झाला. घरातले तीन स्वच्छ प्लास्टिकचे डबे, वर चिकटपट्टीवर माझ्या आठवीतल्या सुवाच्य अक्षरात सुरमई, कोलंबी, मांदेली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या होत्या. तिथल्या शिपायानं डब्यांवरची नावं वाचली आणि आदरानं ते बाईंच्या टेबलावर, त्यांच्या जेवणाच्या पिशवीशेजारी ठेवून दिले. बाई आल्या. "कुणी आणलं हो? माझी किती आवडती," म्हणत सुरमईचा डबा उघडला.

मी भिंतीत गडप झाले असते तर बरं झालं असतं. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, त्यात जंत किती हायेत ते सांगा."

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी काचेच्या पट्टीवर तपासणी केली. सुरमई आणि कोलंबीच्या पोटात जंतांची भाऊगर्दी. मांदेलीच्या मात्र अगदीच तुरळक.

"तुरळक म्हंजे किती?" मामांनी विचारलंच.

बाईंनी आकडा सांगितला. मांदेलीला औषधाची गरज नाही म्हणाल्या. सगळ्यांना सारखं पाजत राहिलं तर जंत औषधाला सरावतात, मग खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. सुरमईला त्यांनी गाभण शेळीला चालणारं वेगळं औषध लिहून दिलं. मी आणलेली बाटली कोलंबीला चालेल, पण वजन करून. आणि तिचं दूध काही दिवस प्यायचं नाही. ते 'काही' मामांनी बाईंकडून कागदावर लिहून घेतलं.

मग बाईंनी मला बाहेर बांधलेल्या एका शेळीची खालची पापणी ओढून दाखवली. आतून लाल असेल तर ठीक, फिकट असेल तर जंत रक्त पिताहेत, तिला आधी दाखवायला आणायचं.

"अय्या," मी म्हटलं, "हे तर कल्ले बघण्यासारखंच आहे!" आईच्या टोपलीजवळ बसून मी लहानपणापासून माशाचे कल्ले उचलून बघत आले. लाल असेल तर ताजा, पांढुरका असेल तर कालचा. अंगणात परतल्यावर मी तिघींच्या पापण्या ओढून बघितल्या आणि न अडखळता सांगितलं, मांदेली आजची, कोलंबी कालची, सुरमई परवाची.

मामा खूश झाले. सासूबाई म्हणाल्या, "आता हा अंदाजच झाला की! आता न्हाई इचारलं, म्हंजे किती?"

"हा अंदाज न्हाई," मामा म्हणाले. "ही नजर हाय. नजर कमवावी लागती."

वजनाच्या दिवशी निम्मी गल्ली जमली. मामांनी काटा अंगणात आणून मांडला, फळी दोनदा सपाट केली. कोलंबीला चढवलं तर ती उतरली. परत चढवलं, तर तिनं दांडीचे रंगीत दोरे चघळायला तोंड घातलं. मामा एवढे दचकले की त्यांनी तिचं तोंड आपल्या तळहातानं झाकलं. जमलेले लोक बोली लावल्यासारखे ओरडत होते, चाळीस! पस्तीस! मामांनी बाजारातल्या जुन्या खड्या आवाजात पुकारा केला, "सव्वीस किलो चारशेऽऽ!" तेवढ्यात कोलंबीनं फळीवरच लेंड्या टाकल्या. मामांनी वाकून त्या झटकल्या आणि दुरुस्ती केली, "सव्वीस तीनशे साठ."

औषध कसं पाजायचं तेही त्यांनीच दाखवलं. सुई काढलेली पिचकारी गालाच्या कोपऱ्यातून आत, हळूहळू. "मुंडकं आभाळाकडं करू नको, श्वासाच्या नळीत जाईल. तिला गिळू दे. तिला तिची घाई असंल तेवढीच आपली घाई."

त्यानंतर ते रोज सकाळी भिंतीवरून एकच विचारायचे, "आज कितवा?" मी सांगायची. बेचाळीस. नव्वद. एकशे दहा. दिवाळीत सुरमईच्या जबड्याखालची पिशवी केव्हाच गेली होती आणि पापणी आतून जास्वंदीसारखी लाल झाली होती, तरी मला झोप नीट लागायची नाही. पोटात काय आहे ते पापणीत दिसत नाही. शेजारच्या आळीतल्या बायका म्हणायच्या, एवढं काय त्यात, शेळीच तर आहे. मी त्यांना आईचे मोकळे कान कसे दाखवू?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, एकशे एकोणपन्नासाव्या दिवशी, सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा सुरमई व्याली. दोन करडं. एक बोकड, एक पाट, म्हणजे मादी. मी त्यांचे आठही पाय एकेक करून हातात धरून बघितले. सरळ. सगळे सरळ. मग मी भिंतीवरून हाक मारली.

मामा काटा घेऊन आले. सोबत टोपली, टोपलीत धुतलेलं धोतर घडी घालून. आधी बोकड ठेवला. "दोन किलो शंभर," पुकारा झाला, पण हळू आवाजात. मग पाट ठेवली. ती ओली, काळी, कपाळावर चांदणी असलेली. ती टोपलीत धडपडून चारी पायांवर उभी राहिली आणि ओरडली. मामांनी वजन सरकवलं. दांडी वरखाली होऊन स्थिर झाली. मामा बघत राहिले.

"किती, मामा?"

त्यांनी दांडीचे दोरे बोटांत धरले.

"मामा, किती भरली?"

"हाय," ते म्हणाले. "थोडंसं."

सासूबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मामा खाली बसले आणि पाटीच्या पायांवरून बोट फिरवत, आमच्याकडं न बघता सांगायला लागले.

"नऊ वर्षं झाली. राखीला आक्काकडं गेलतो. वारंगा फाट्याच्या पल्याड गाव हाय तिचं. दाजी वारलेले, सात शेळ्यांवर घर. म्हन्लं, जंताचं पाजून देतो. आक्का म्हन्ली, वजन कर की रे, मापाडी ना तू? मी म्हन्लं, माजा हातच काटा हाय. झाकणानं पाजलं. कितव्या दिवसाच्या गाभण हायेत, इचारलंच न्हाई." त्यांनी पाटीचा दुसरा पाय हातात घेतला. "पाच गाभण व्हत्या. एकबी करडू धड आलं न्हाई."

"मग आक्का काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय म्हणणार? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माज्या डोक्यावरून हात फिरवला आन् म्हन्ली, थोडंसं चुकलं तुजं दिगू. जाऊ दे." त्यांनी मान हलवली. "दुसऱ्याची हळद मी तीस साल तोळ्यातोळ्यानं मोजली. आन् बहिणीच्या घरी थोडंसं. पाच शेळ्यांची करडं, पोरी. त्याला ती थोडंसं म्हन्ली."

त्यानंतर ते तिच्या दारात गेलेले नाहीत. आक्का दरवर्षी राखी पाठवते, गावाकडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ, फाट्यावरच्या हॉटेलात ठेवायला. मामा जातात, राखी घेतात, चहा पितात. समोर आक्काच्या गावाची गाडी उभी असते. ती सुटते. मग हे उलट्या गाडीनं परत येतात. माझ्या आईपर्यंतचं अंतर एकोणीस तासांचं. त्यांच्या आक्काचं फाट्यापासून पाऊण तासाचं, आणि ते नऊ वर्षांत सरलं नव्हतं.

मी काट्याच्या दांडीकडं बघितलं. त्या गुंत्यातले दोरे मी मोजले. नऊ. त्यांनी एकही राखी हाताला बांधली नव्हती.

संध्याकाळी मी सासूबाईंना एक गोष्ट विचारली. त्या नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दे. पर दिगंबरभाऊला आधी सांगू नको, पळून जातील." आईलाही फोन केला, कुड्या तिच्या होत्या म्हणून. ती म्हणाली, "बहिणीकडं जाते ना? मग विचारतेस काय!"

मामांचे उपकार मी फेडणार आहे. एक दिवस, कधीतरी, असं इथं लिहिलं तर ते हात वर करतील, म्हणून नीट लिहिते. पाट दुधाबरोबर पालाही खायला लागली आहे. ती बारा किलोची झाली की आईवाचून राहू शकते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. ज्या दिवशी काटा बारा दाखवेल त्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन मामांना वारंगा फाट्याच्या गाडीत बसवणार. फाट्यावर चहा पिऊ देणार नाही. सरळ समोरच्या गाडीत चढवणार, आणि आक्कांच्या दारात पाट त्यांच्या हातानं खाली ठेवायला लावणार.

आज सकाळी ती आठ किलो दोनशे भरली.